मराठीतून इस्लाम शिकणाऱ्या मुलांच्या पुस्तकांविषयी नाशिकच्या विश्वस्तांना आणि प्रकाशकांना खुले पत्र

प्रति,
नाशिक शहर व जिल्ह्यातील मशिदींचे विश्वस्त, मक्तब (मुलांचे कुरआन शिकण्याचे वर्ग) चालवणारी मंडळी, मराठीतून इस्लामी बालपुस्तके छापणारे प्रकाशक आणि वाचनालयांच्या पुस्तकनिवड समित्या

अस्सलामु अलैकुम आणि सप्रेम नमस्कार.

शाबान, म्हणजे रमजानच्या आधीचा महिना, लागला की मक्तबांच्या जलशांची तयारी सुरू होते आणि बक्षिसाच्या पुस्तकांची मागणी जाते. ती मागणी जाण्याआधी हे पत्र आपल्यासमोर यावे, अशी आमची इच्छा आहे.

मालेगावात उर्दू पुस्तकाला वाचकही आहेत आणि छापखानेही. नाशिक शहरात, आणि निफाड, सिन्नर, दिंडोरीकडच्या गावांत, मराठी शाळेत जाणाऱ्या मुलाची गोष्ट निराळी आहे. त्याला कायद्यामुळे, म्हणजे मक्तबमधल्या पहिल्या अरबी पुस्तकामुळे, अरबी अक्षरे जोडून वाचता येतात, पण उर्दू वाक्याचा अर्थ लागत नाही. इंग्रजी तो अडखळत वाचतो. सरसर वाचतो ते मराठी. आणि त्याच्या हातात बहुतेक वेळा पडते ते उर्दू पुस्तक, किंवा परदेशी धाटणीचे गुळगुळीत इंग्रजी पुस्तक, किंवा हिंदीवरून घाईने मराठी केलेली पुस्तिका. पहिली दोन तो चित्रे बघून ठेवून देतो. तिसरी वाचतो, म्हणून तिच्यातल्या चुका त्याच्या डोक्यात कायमच्या बसतात. आमचे मागणे एवढेच आहे की मुळातून मराठीत लिहिलेली, आलिम (धर्माचे जाणकार) आणि हाफिज (कुरआन पाठ असलेले) अशा दोघांनी तपासलेली पुस्तके मागवा, आणि मिळत नसतील तर काढा. ती कशी असावीत आणि कुठे बिघडतात, ते पुढे लिहितो आहोत.

आधी शब्द. ‘जकात’ हा शब्द मराठी मुलाने ऐकला असतो तो जकात नाक्यामुळे. महापालिकेची जकात बंद झाली तरी बसथांब्यांच्या आणि चौकांच्या नावांत ती शिल्लक आहे. ‘जकात हा इस्लामचा एक स्तंभ आहे’ एवढेच छापले, तर मुलाला वाटते की गाडी अडवून घ्यायचा हा काही कर असावा. शब्द मुळात तोच अरबी, अर्थ संपत्तीतून गरिबांसाठी काढायचा वाटा, पण मराठीत येऊन त्याची वाट बदलली, हे पुस्तकाने दोन ओळींत सांगायला हवे. ‘कायदा’चेही तसेच. शाळेत कायदा म्हणजे नियम, मक्तबमध्ये कायदा म्हणजे अलिफ-बे शिकवणारे पहिले पुस्तक. उलट बाजूने पाहिले तर काही मराठी पुस्तकांत ‘ईशभय’, ‘ईशपरायणता’, ‘प्रक्षालन’ असे शब्द येतात. सहा वर्षांच्या पोराच्या तोंडी यातला एकही नसतो. घरात तो नमाज, रोजा, वुजू, दुआ म्हणतो, तेच पुस्तकात ठेवा आणि पहिल्यांदा येतील तिथे साध्या क्रियापदाने उलगडून सांगा: ‘वुजू म्हणजे नमाजाआधी हात, तोंड, पाय धुणे आणि ओला हात डोक्यावरून फिरवणे.’ याच ओळीमुळे शेजारच्या हिंदू मित्रालाही ते पुस्तक वाचता येते.

सर्वांत मोठी चूक होते ती कुरआनातल्या सूरा (अध्याय) देवनागरीत छापण्यात. अरबीत ‘क’ दोन आहेत. एक आपला नेहमीचा, दुसरा घशाच्या मागून निघणारा. सूरा इख्लासचा पहिला शब्द मागच्या ‘क’ने उच्चारला तर ‘सांग’, पुढच्या ‘क’ने उच्चारला तर ‘खा’. ‘कल्ब’ मागून म्हटले तर हृदय, पुढून म्हटले तर कुत्रा. देवनागरीत दोन्ही ‘क’च छापले जातात. स, ह, त आणि ज यांचीही अशीच जोड-तिजोड आहे, आणि ‘ऐन’साठी तर आपल्याकडे अक्षरच नाही.

मराठीत यात आणखी एक गुंता आहे, जो हिंदीवरून पुस्तक करणाऱ्याच्या लक्षात येत नाही. आपला ‘ज’ दोन प्रकारे बोलला जातो, ‘जीव’मधला आणि ‘जुना’मधला. मराठी मूल ‘जुमा’ वाचताना सहजपणे ‘जुना’चा ज लावते आणि ‘हज’ वाचताना ‘आज’चा. दोन्ही ठिकाणी हवा असतो ‘जीव’चा. उलट ‘रोजा’, ‘नमाज’मध्ये ‘जीव’चा ज नको असतो, तिथे ‘ज़’ हवा. म्हणून नुक्ता (अक्षराखालचा टिंब) द्या आणि पहिल्या पानावर ‘जीव’ व ‘आज’ ही दोन उदाहरणे देऊन खुलासा करा. पण हे फक्त शब्दांसाठी आणि जेवणाआधीच्या, झोपण्याआधीच्या छोट्या दुआंसाठी. सूरा मात्र अरबीतच छापा, खाली मराठी अर्थ द्या, आणि उच्चार उस्तादांच्या तोंडून शिकू द्या. देवनागरीची कुबडी एकदा घेतली की मूल अरबी ओळीकडे बघतच नाही, खालची ओळ वाचून मोकळे होते.

अरबी कोणत्या वळणाची, हेही मागणी देतानाच ठरवायला हवे. आपली मुले ज्या कायद्यावर शिकतात त्यात भारतीय उपखंडातले नस्ख वळण असते, खडा जबर आणि सुकून या उच्चाराच्या खुणा त्यांच्या ओळखीच्या असतात. अरब देशांत किंवा इंग्लंडमध्ये छापलेल्या पुस्तकांत मदीनेच्या मुसहफाचे (कुरआनाच्या प्रतीचे) वळण असते. तिथे खुणा वेगळ्या, अलिफवरचे चिन्ह वेगळे. कायद्यात तरबेज असलेले मूलसुद्धा अशा पानावर अडखळते, आणि घरचे म्हणतात, ‘याला काहीच येत नाही.’ मुलाचा काही दोष नसतो, पान परके असते.

छापखान्यातली गडबड यापुढची. मराठी पुस्तके अजूनही पुष्कळ ठिकाणी श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत लागतात. त्याच पानावर अरबी ओळ चिकटवली की ती डावीकडून उजवीकडे धावू लागते, अक्षरे सुटी होतात किंवा जबर-जेर या स्वरखुणा शेजारच्या अक्षरावर सरकतात. अरबी न वाचणाऱ्या अक्षरजुळणीकाराला यात काहीच वावगे दिसत नाही. पडद्यावर ठीक असलेली ओळ पीडीएफमध्ये तुटते, हेही होते. म्हणून हाफिजसाहेबांना वाचायला द्यायचे ते कागदावरचे शेवटचे मुद्रित, आणि त्यांनी ते मोठ्याने वाचावे, शेजारी बसून दुसऱ्याने मुसहफावर बोट ठेवावे. नुसत्या नजरेखालून घातले तर पाठ असलेली सूरा डोळा आपोआप दुरुस्त करून घेतो आणि चूक तशीच छापली जाते. पैगंबरांच्या नावापुढचे गोल सलवात (त्यांच्यासाठीच्या दुआचे) चिन्हही तपासा. फाँटात ते नसेल तर त्याच्या जागी रिकामा चौकोन छापला जातो. ‘(स.)’ असा संक्षेप केला तर मुले मोठ्याने ‘स’ वाचतात. प्रत्येक गोष्टीत पहिल्या उल्लेखाला ‘सल्लल्लाहु अलैहि व सल्लम’ पूर्ण छापा, पुढे चिन्ह चालेल.

आता माहितीतल्या चुका. ‘कुरआनात ६,६६६ आयती (वचने) आहेत’ हे वाक्य किती पुस्तकांतून फिरते आहे! आकडा पाठ करायला सोपा, म्हणून प्रश्नमंजूषेतही असतो. पण आपल्या घरी असलेल्या मुसहफातल्या ११४ सूरांच्या आयती मांडून बेरीज केली तर ६,२३६ येतात. दहा वर्षांची मुले ही बेरीज स्वतः करू शकतात, आणि पुस्तकात असा उपक्रम दिला तर चुकीचा आकडा आपोआप मागे पडेल.

दुसरी चूक तोळ्याची. जकातीचा निसाब, म्हणजे जकात लागू होण्याची किमान मर्यादा, साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी, असे पुस्तक सांगते आणि थांबते. तो तोळा जुना, ११.६६४ ग्रॅमचा. म्हणजे सोने ८७.४८ ग्रॅम आणि चांदी ६१२.३६ ग्रॅम. नाशिकच्या सराफ बाजारात आज तोळा म्हटले की १० ग्रॅम. मूल घरी जाऊन हिशेब करते आणि ७५ ग्रॅम सांगते, जवळजवळ साडेबारा ग्रॅमची तफावत. निसाब ग्रॅममध्येच छापा. फित्र्याचे, म्हणजे रमजान ईदच्या दानाचे, वजन छापताना आणखी जपून. हनफी पद्धतीच्या घरांत अर्धा सा (सा हे जुने अरबी माप) गहू धरतात, पण त्याचे वजन काही आलिम पावणेदोन किलोच्या आसपास सांगतात, काही दोन किलोहून थोडे जास्त. शाफई पद्धतीत पूर्ण सा धरतात. बालपुस्तकात एकच आकडा ठोकून देण्यापेक्षा ‘आपल्या मशिदीत विचारा’ अशी ओळ आणि शेजारी लिहायला रिकामी जागा हे बरे.

गोष्टींच्या बाबतीत आमचा आग्रह फार आहे. रोज पैगंबरांच्या अंगावर कचरा टाकणारी म्हातारी आणि ती आजारी पडल्यावर तिला भेटायला गेलेले पैगंबर, ही गोष्ट आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक बालपुस्तकात आहे. हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आचरणाच्या नोंदींच्या, विश्वसनीय संग्रहांत तिला आधार नाही. ‘ज्ञानासाठी चीनपर्यंत जा’ हे वचनही मुहद्दिसांनी (हदीसच्या अभ्यासकांनी) नाकारलेले आहे. पैगंबर लपले होते त्या ‘सौर’ नावाच्या गुहेच्या तोंडाशी कोळ्याने विणलेले जाळे परंपरेतल्या कथनांतून येते. कुरआनात, सूरा तौबाच्या ४०व्या आयतीत, गुहा आणि सोबती आहेत, कोळी नाही. सूरा साफ्फातमध्ये हजरत इब्राहीम मुलाची कुर्बानी द्यायला निघतात तो प्रसंग आहे, तिथे मुलाचे नाव दिलेले नाही. ते हजरत इस्माईल होते, हे मुस्लिम परंपरेने मानलेले आहे. या गोष्टी काढून टाका असे आम्ही सरसकट म्हणत नाही. पण प्रत्येक गोष्टीखाली बारीक टाइपात ‘कुरआनात’, ‘हदीसमध्ये’ किंवा ‘परंपरेने सांगतात’ यांपैकी एक शब्द आणि सूरा-आयतीचा क्रमांक द्या. ज्यांना कसलाच आधार नाही त्या मात्र गाळा. पैगंबरांच्या दयेच्या सहीह (खात्रीच्या) गोष्टी इतक्या आहेत की निराधार गोष्टीची गरज पडू नये.

चित्रांबद्दल सर्वांना एक नियम ठाऊक असतो, पैगंबरांची आणि फरिश्त्यांची चित्रे काढायची नाहीत. तेवढ्यावर चित्रकार अडून बसतो आणि प्रत्येक पानावर मिनार, चंद्रकोर आणि कंदील काढतो. कुरआनात चित्राला केवढे साहित्य आहे! हजरत सुलैमानांच्या गोष्टीत मुंगी बोलते आणि हुदहुद बातमी घेऊन येतो. नाशिकच्या शिवारात, जमिनीत चोच खुपसत फिरणारा तुरेवाला हुदहुद मुलांनी पाहिलेला असतो, फक्त तोच हा पक्षी हे कोणी सांगितलेले नसते. मधमाशीच्या नावाची सूरा आहे, हत्तीच्या नावाची आहे. द्राक्षांचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो, डाळिंबाचा सूरा अन्आम आणि सूरा रहमानमध्ये, आणि सूरा बकराच्या ६१व्या आयतीत हजरत मूसांचे लोक काकडी, मसूर आणि कांदा मागतात. पिंपळगाव-निफाडची द्राक्षे, सटाण्याचे डाळिंब, लासलगावचा कांदा! चित्रकाराने वाळवंट आणि उंटच काढत बसावे, असे कारण नाही.

नमाज आणि वुजूच्या चित्रांत मात्र एक बारीक घोटाळा होतो आणि तो मुलाच्या अंगवळणी पडतो. वुजू करणारा मुलगा वाचकाकडे तोंड करून काढला की त्याचा उजवा हात पानाच्या डाव्या बाजूला येतो. मूल आरशासारखी नक्कल करते आणि डाव्या हातापासून सुरुवात करते. सलाम फिरवतानाही तसेच, चित्रातला मुलगा उजवीकडे वळलेला, वाचणारा डावीकडे वळतो. म्हणून कृतीची सगळी चित्रे पाठीमागून किंवा खांद्यावरून पाहिल्यासारखी काढा आणि उजव्या मनगटावर एखादा रंगीत पट्टा दाखवा. मांडणी करणारे जागेच्या सोयीसाठी चित्र उलटे फिरवतात, ते करू देऊ नका. काब्याचे चित्र उलटले की दाराकडे तोंड केल्यावर डाव्या कोपऱ्यात असणारा हजर-ए-अस्वद हा काळा दगड उजवीकडे जातो, आणि तवाफची (काब्याभोवतीच्या फेऱ्यांची) दिशा घड्याळाच्या काट्याप्रमाणे होते. तवाफ काट्याच्या उलट दिशेने असतो. देवळातली प्रदक्षिणा पाहिलेल्या मुलाला उलटे चित्रच बरोबर वाटेल, म्हणून इथे बाण हवाच.

वुजूच्या पानावर आणखी एक गोष्ट. कुरआनाने सांगितलेली कामे चार: तोंड धुणे, कोपरांपर्यंत हात धुणे, डोक्यावर मसह (ओला हात फिरवणे), घोट्यांपर्यंत पाय. बाकीच्या बहुतेक सुन्नती, म्हणजे पैगंबरांच्या आचरणातून आलेल्या कृती. बहुतेक तक्त्यांत सगळे एका रांगेत असल्याने मुलाला फरक कळत नाही. चौघांना एक रंग द्या, बाकीच्यांना दुसरा. आणि पाणी किती? पैगंबर एक मुद्द पाण्यात वुजू करत, म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास. नळ सोडून ठेवलेल्या मुलाचे चित्र बहुतेक पुस्तकांत असते, त्याऐवजी तांब्या काढा.

नमाजाच्या पुस्तकात फर्ज रकातींचा, म्हणजे सक्तीच्या आवर्तनांचा, तक्ता सर्वांना सारखा: फज्र २, जुहर ४, असर ४, मगरिब ३, इशा ४. हात कुठे बांधायचे, रुकूला (कमरेत वाकायला) जाताना उचलायचे की नाही, आमीन मोठ्याने की मनात, असर कधी सुरू होते, यांत हनफी आणि शाफई घरांत फरक आहे, आणि नाशिकमध्ये दोन्ही घरांतली मुले एकाच बाकावर बसतात. पुस्तक ज्या पद्धतीचे आहे तिचे नाव मुखपृष्ठाच्या आत छापा आणि ‘दुसरी पद्धतही बरोबर आहे’ हे स्पष्ट लिहा. ही एक ओळ नसल्याने मुले एकमेकांची नमाज चुकीची ठरवतात.

परदेशी पुस्तक भाषांतरित करताना भूगोल बदलायला विसरू नका. इंग्लंडच्या पुस्तकात किब्ला, म्हणजे नमाजाची दिशा, आग्नेयेला असतो, अमेरिकेच्या पुस्तकात ईशान्येकडे. नाशिकहून तो पश्चिमेला, उत्तरेकडे सुमारे ९ अंश झुकलेला. उन्हाळी रोजा इंग्लंडमध्ये १८ तासांच्या आसपास जातो, इथे साडेचौदाच्या आसपास. ‘रमजान उन्हाळ्यात येतो’ असे वाक्य तर कोणत्याच पुस्तकात नको. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे, म्हणून रमजान दरवर्षी १० ते ११ दिवस अलीकडे येतो. २०३० मध्ये तो जानेवारीत सुरू होईल आणि त्याच वर्षी डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा. मुलांना हे गणित अतिशय आवडते. एका पानावर दोन कॅलेंडर शेजारी शेजारी द्या, बाकी समजावणे नको.

वयाचा क्रम चुकला तर बरोबर माहितीही घात करते. चार-पाच वर्षांच्या मुलाला कबरीतला अजाब (यातना) वाचून दाखवणारी पुस्तके आहेत. ते रात्री झोपत नाही आणि अल्लाहचे नाव त्याला भीतीशी जोडलेले राहते. सहा वर्षांपर्यंत बिस्मिल्ला, सलाम, उजव्या हाताने जेवणे, प्राण्यांवर दया, सृष्टी कोणी केली एवढे पुष्कळ झाले. सात वर्षांच्या मुलाला नमाज सांगायला लागा असे हदीसमध्ये आहे, तेव्हा वुजू आणि नमाजाचे पुस्तक तिथून. आठ-नऊला सीरत (पैगंबरांचे चरित्र), ५७०च्या सुमारास जन्म, ६१०ला पहिली वह्य (अल्लाहचा संदेश), ६२२ची हिजरत (मदीनेला स्थलांतर), ६३२ला वफात (निधन), नकाशासकट. आखिरत (मृत्यूनंतरचे जीवन) त्यानंतर, आणि तिथेही रहमत (दया) आधी. दुसऱ्यांच्या धर्माविषयी हिणवणारे एकही वाक्य कोणत्याही वयाच्या पुस्तकात नको. सूरा काफिरूनची शेवटची आयत, ‘तुमच्यासाठी तुमचा धर्म, माझ्यासाठी माझा’, मुलांना पाठ असते. तिचा मराठी अर्थही पाठ होऊ द्या.

कागदाविषयी थोडक्यात. सातच्या आतल्या मुलांसाठी अक्षर २० पॉइंटांहून लहान नको, आणि अरबी त्याहून मोठे, नाहीतर जबर-जेर दिसत नाहीत. चकाकणारा आर्ट पेपर ट्यूबलाइटखाली चमकतो, जाड मॅपलिथो बरा. पाने १६च्या पटीत ठेवली तर कागद वाया जात नाही, ३२ पाने पुरतात. रंगवायच्या, कापायच्या आणि स्टिकरच्या पानांवर आयत किंवा अल्लाहचे नाव कधीच छापू नका. ते पान फाटणारच, पायाखाली येणारच, आणि मग ओरडा मुलालाच बसतो.

वाचनालयांना एक विनंती. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचे. इतकी जुनी वाचनपरंपरा असलेल्या शहरात ही पुस्तके मोठ्यांच्या ‘धर्म’ कपाटात, वरच्या फळीवर जाऊ नयेत. ती बालविभागात, सणांच्या आणि चरित्रांच्या पुस्तकांशेजारी ठेवा. रमजान ईदला शेजारून शिरखुर्मा घरी आला की मराठी घरातले मूलही विचारते, ‘ईद कशाची असते?’ त्याला उत्तर देणारे पुस्तक त्याच्या हाताला लागेल इतक्या उंचीवर हवे.

मशिदींच्या विश्वस्तांनी ४० मुलांसाठी ४० सारख्या प्रती घेण्यापेक्षा १० वेगवेगळी पुस्तके प्रत्येकी ४ घ्यावीत आणि दर जुम्याला (शुक्रवारी) बदलून द्यावीत. मागणी देण्याआधी प्रकाशकाकडून एक प्रत मागवा. ती तीन मुलांना मोठ्याने वाचायला द्या आणि मूल जिथे थांबते तिथे पेन्सिलीने खूण करा. एका पानावर तीनपेक्षा जास्त खुणा झाल्या तर ती भाषा मुलांची नाही. त्यानंतर आयतींची संख्या, निसाब, तवाफचे चित्र आणि सलवातचे चिन्ह, ही चार ठिकाणे उघडून बघा. ही चार बरोबर असतील तर बाकीचे पुस्तकही बहुधा काळजीने केलेले असते.

प्रकाशकांनी शेवटच्या पानावर आवृत्ती, वर्ष, पुस्तक तपासणाऱ्या आलिमांचे आणि हाफिजांचे नाव आणि चुका कळवायचा पत्ता छापावा. अरबीत चूक निघाली तर शुद्धिपत्राची सुटी चिठ्ठी आत सरकवून भागत नाही, ती पहिल्याच दिवशी हरवते. बरोबर ओळीची पट्टी छापून उरलेल्या प्रत्येक प्रतीत त्या जागी चिकटवा, आणि विकलेल्या प्रतींसाठी तेवढ्याच पट्ट्या मक्तबांना पाठवा.

आपले,
नाशिकमधील काही शिक्षक, मुद्रितशोधक आणि पालक